साडेचारची मिस्सा

मी डहाणूच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाले. रिटायर झालेल्या शिक्षिकेचा गावाला उपद्रव फार. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढायच्या, लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी हिसकावून तपासायच्या, शेजारच्या मुलांना धरून शब्द पाठ करायला लावायचे, असं माझं चाललं होतं. घरचे कावले होते. त्यामुळे मसोलीत एका म्हाताऱ्या आयरिश बाईंना इंग्रजी वाचून दाखवायला कोणीतरी हवंय असं कळलं, तेव्हा माझ्याआधी घरच्यांनीच हो म्हणून टाकलं.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या नन नव्हत्या, नर्स होत्या. ऐन पंचविशीत आयर्लंडहून तलासरीकडच्या एका दवाखान्यात आल्या आणि इथेच राहिल्या. पाड्यापाड्यांवर आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी जीपमधून हिंडून त्यांनी बाळंतपणं केली, जखमा शिवल्या, पोरांना सुया टोचल्या. लग्न केलं नाही. कंबर कामातून गेली तेव्हा डहाणू रोडजवळ, मसोलीत, एका गुजराती कुटुंबाच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. तलासरीहून येणारीजाणारी माणसं अजूनही पिशवीतून वालाच्या शेंगा नाहीतर तांदूळ घेऊन त्यांच्या दारात येत, आणि घरमालकीण त्या सगळ्यांसाठी कुरकुरत चहा टाकत असे.

सिस्टरांचं मराठी पाड्यांवर शिकलेलं होतं. उंच, गोरीपान, पांढऱ्या केसांची बाई "बस कं, चाय पी" म्हणाली की नवखा माणूस हसू दाबायचा. माझे हात मात्र लाल पेनासाठी शिवशिवायचे. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच, कलेक्टर आला असता तरी त्या त्याला तूच म्हणाल्या असत्या. मला माझ्या विद्यार्थ्यांसारखं 'बाई' म्हणत, पण "बाई, तू उशिरा आलीस." माझ्याशी इंग्रजी बोलायला त्या तयार नसत. म्हणत, "तुझा इंग्रजी पुस्तकातला आहे." तीस वर्षांच्या नोकरीवर इतका साधा शेरा मला कोणी दिला नव्हता.

त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. समोरचं मधोमध सगळं धुरकट, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून त्या माणसाकडे बघत. वाचणं तर संपलंच होतं. आणि त्यांना वाचायचं होतं एक पत्रक. परदेशात राहणाऱ्या आयरिश लोकांसाठी ते निघतं, दर पंधरवड्याला ईमेलवर येतं. सिस्टरांच्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलाने, तिकडे बसून त्यांचं नाव त्यात घातलं होतं आणि पत्ता माझ्या ईमेलचा दिला होता. त्यामुळे ते मलाच येई आणि मी लॅपटॉप काखोटीला मारून मसोलीला जाई.

पत्रकात काय नसे! आखातातल्या कुठल्याशा शहरात आयरिश नाचाचे वर्ग सुरू होत आहेत, बूट ज्याचे त्याने आणावेत. ऑस्ट्रेलियात अमक्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, मंडळाचं वार्षिक जेवण, नंतर गाणी. लंडनमधल्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी ज्येष्ठांसाठी चहा, लिफ्टची सोय आहे. त्यांच्या त्या काठ्यांनी खेळायच्या खेळाचा सामना ठरलाय, खेळाडू कमी पडताहेत, गुडघे शाबूत असणाऱ्यांनी कळवावं. मार्चमध्ये त्यांच्या संताच्या दिवसाची मिरवणूक, आणि मिरवणुकीत पुढे कोणी चालायचं यावरून दोन मंडळांत झालेला बेबनाव, तोही अगदी सभ्य शब्दांत. मी मध्येच थांबून म्हणायची, "सिस्टर, हे थेट आमच्या समाजाच्या मासिकासारखं आहे हो." आमच्या बागायतदार मंडळींचं मासिक दर महिन्याला घरी येतं. त्यातही स्नेहसंमेलन, गुणगौरव, वधूवर सूचना आणि शेवटच्या पानावर श्रद्धांजली. समाजातले दोन गट एकमेकांना पाण्यात पाहतात, पण मासिकात दोघांचेही फोटो सारख्याच आकाराचे येतात.

डहाणूसाठी अर्थातच पत्रकात काही नसे. सबंध तालुक्यात आयरिश माणूस एक, त्याचं मंडळ कोण काढणार? मग आम्ही एक खेळ काढला. सगळं वाचून झालं की सिस्टर विचारत, "बोल, या टायमाला कुठं जायचा?" मी नाचाच्या वर्गाचं नाव घेई. त्या खोकला लागेपर्यंत हसत आणि दर वेळी लंडनचा गुरुवारचा चहाच निवडत. "माला लिफ्टवाला पाहिजे. कंबर गेली माझी." मग घरमालकीण चहा घेऊन येई आणि लंडनला न जाताच आमचा गुरुवार साजरा होई, वार कोणताही असला तरी.

पण ही मजा नंतरची. आधी शेवटचं पान, म्हणजे कोण गेलं ते. हा त्यांचा नियम होता आणि मला तो मुळीच आवडत नसे. दिवेलागणीला कोणाच्या मरणाच्या बातम्या काय वाचायच्या? एकदा मी हातचलाखी केली. पाच जण गेले हे वरचं मी वाचून बसले होते, पण त्यातली त्यांच्या काउंटीतली दोन नावं मी गाळली आणि सरळ नाचाच्या वर्गाकडे वळले. सिस्टरांनी टेबलावर हात आपटला. "वर पाच सांगला, तू तीन वाचला. दोन कुठं गेले?" मी म्हटलं, "उगाच तुमच्या मनाला त्रास नको म्हणून." त्या म्हणाल्या, "मेलेला माणूस सोडून पुढं जायचा नाय, बाई. वाच." वर्गात मुलांना मी जसं उभं करत असे तसं मला उभं केल्यासारखं वाटलं. मी ती दोन नावं वाचली. त्यातला एक त्यांच्या वडिलांच्या दुधाच्या डेअरीत होता.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्याकडचं सगळं सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. त्यांच्या गावी माणूस गेलं की बातमी आधी सगळ्यांना पोचवायची. रेडिओवरही नावं वाचून दाखवतात. मयत दोन दोन रात्री घरात ठेवतात. लोक येतात, चहा पितात, पाव खातात, गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगून हसतातसुद्धा. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे फादरांनी सगळ्यांसमोर करायची मोठी प्रार्थना, आणि मग माती. लग्नाला नाही गेलं तर लोक विसरून जातात, मयताला नाही गेलं तर तीस वर्षांनीही काढून दाखवतात, असं त्या म्हणाल्या. मी "हो का, अरे वा" करत ऐकलं. म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या गोष्टी आपण जशा ऐकतो तशा. त्यांच्या लहानपणीच्या गावात असं असेल, आता कुठलं, अशी माझी समजूत.

आणि मयताला न जाण्याचं दुःख सिस्टरांइतकं कोणाला असेल? वडील गेले ते त्यांना तलासरीत तीन आठवड्यांनी पत्राने कळलं. आई गेली तेव्हा तार आली, पण त्या आतल्या पाड्यावर अडलेल्या बाईजवळ होत्या, परत आल्या तोवर माती होऊन गेली होती. दोन्ही वेळी धाकटी बहीण चर्चमध्ये पहिल्या बाकावर एकटी बसली. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की त्या बाकाचं लाकूडही मला पाठ झालं. बहिणीने कधी बोलून दाखवलं नाही, फक्त एकदा फोनवर म्हणाली होती, माझ्या वेळी तरी ये गं.

आता जाणं शक्य नव्हतं. कंबर, डोळे, वय. पण गेल्या काही वर्षांत तिकडच्या चर्चांनी वर कोपऱ्यात कॅमेरे लावले. परदेशी गेलेल्या मुलाबाळांना घरबसल्या मिस्सा दिसावी म्हणून. हे कळलं तेव्हा सिस्टरांना जो आनंद झाला तो बघून मी मनात म्हटलं, काय बाई ही! माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ओळखीपाळखीच्या तीन-चार मयतांना हजेरी लावली. त्या दिवशी त्या इस्त्रीचा झगा घालत, बूट घालत, खुर्चीत ताठ बसत, मान वाकडी करून डोळ्यांच्या कडेने पडद्याकडे बघत. घरमालकीण एकदा चहा घेऊन आली तर तिला हातानेच परत पाठवलं. सगळं झालं की बूट काढून म्हणत, "चला, जाऊन आलो." मग चहा. मी घरी येऊन या गोष्टी रंगवून सांगायची आणि सगळे हसायचे. मीही हसायची.

बहिणीला यंदाच्या हिवाळ्यात इस्पितळात नेलं. सिस्टरांना फोनवर नीट ऐकू येत नसे, त्यामुळे भाच्याचे निरोप माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत आणि मी ते वाचून दाखवी. एक दिवस त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "ती गेली की तो तुला लिवंल. आला की माला सांग. लगेच." मी म्हटलं, "हो हो, सांगेन ना." आपण आजारी माणसाला म्हणतो तसं ते हो हो होतं. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण मनगट काही लवकर सोडलं नाही.

निरोप आला तो मंगळवारी संध्याकाळी. मी बाजारात धाकट्या डहाणूच्या कोळणीशी बोंबलांवरून हुज्जत घालत होते. फोन वाजला म्हणून पाहिलं. आई आज सकाळी शांतपणे गेली, मावशीला सांगाल का, असं भाच्याने लिहिलं होतं. माझ्या हातातली पिशवी जड झाली. मी तिथेच उभ्या उभ्या उत्तर पाठवलं, फार वाईट वाटलं, मी त्यांना सांगते. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात.

आणि मी सांगितलं नाही.

सिस्टरांना त्या आठवड्यात ताप होता. थंडी बाधली होती, खोकल्याने छाती दुखत होती, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. मी बोंबील तसेच घरी टाकून मसोलीला गेले, त्या डोळे मिटून पडल्या होत्या. घरमालकिणीला ओसरीवर बोलावून मी फोन दाखवला. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "हमणां नहीं केता, बेन. ताव उतरे पछी केजो." ताप उतरल्यावर सांगा. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. खरं तर मी तेच ऐकायला तिच्याकडे गेले होते.

आपल्याकडे असंच करतात. माझे वडील गेले तेव्हा माहेरून, चिंचणीहून, मला निरोप आला होता, बाबांना जरा अस्वस्थ वाटतंय, येऊन जा. मी नेसत्या साडीनिशी एसटीत बसले, वाटभर त्यांना काय काय पथ्य करायला लावायचं ते ठरवत गेले आणि फाटकाशी माणसं बघितली तेव्हा मला कळलं. तेव्हा मला संताप आला होता. पण नंतर मी स्वतः किती जणींना असंच बोलावून आणलं. आधी जेवू दे, मग सांगू. आधी पोचू दे, मग सांगू. आजारी असेल तर उठून बसू दे, मग सांगू. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो.

घाई तरी कसली होती? आपल्याकडे माणूस गेलं की चार तासांत उचलतात. मुंबईहून लेक निघालाय म्हणून थांबले तर दिवस मावळेपर्यंत. उशिरा कळलेल्यांनी दहाव्याला जावं, तेराव्याला जावं, भेटून यावं. मंगळवारी गेली म्हणजे मंगळवारीच सगळं होऊन गेलं असणार, असं मी धरूनच चालले. सिस्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी मी असं धरून चालले. कानांनी ऐकलेलं एक आणि अंगात भिनलेलं दुसरं, त्यात अंगात भिनलेलं जिंकलं.

बुधवारी भाच्याने लांबलचक काहीतरी पाठवलं. वर क्रूस, खाली अमक्याची पत्नी, तमक्याची प्रेमळ आई, नातवंडांची नावं, जावयांची नावं. आमच्या मासिकातली श्रद्धांजली अशीच सुरू होते आणि ती शेवटपर्यंत कोण वाचतं? मीही वाचली नाही. तीन ओळी पाहिल्या, हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि फोन ठेवून दिला. मुलांना मी तीस वर्षं सांगत आले, उतारा शेवटपर्यंत वाचा, उत्तर शेवटी असतं.

गुरुवारी ताप थोडा उतरला. सिस्टरांनी पडल्या पडल्या विचारलं, "पोराचा काय आला कं?"

मी म्हटलं, "नाही, काही नाही. तुम्ही आधी बऱ्या व्हा." इतकं सहज बोलून गेले की मलाच कौतुक वाटलं.

शुक्रवारी चारच्या सुमाराला गेले तर सिस्टर गाढ झोपल्या होत्या. हात लावून पाहिलं, ताप उतरला होता. किती दिवसांनी बिचारीला झोप लागली म्हणून मी दार लोटून घेतलं आणि घरमालकिणीबरोबर ओसरीवर वाल सोलत बसले. आज सांगून टाकू, असं आमचं ठरलं. ती म्हणाली, जागी झाली की भात खाऊ दे, मग सांगा. दीड तास आम्ही हळू आवाजात बोलत बसलो. एकदा बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला तर मी उठून त्या रिक्षावाल्याला झापून आले, आत म्हातारं माणूस झोपलंय, कळत नाही का?

साडेपाचला त्या उठल्या. तोंड धुतलं, मऊ भात खाल्ला, सगळा खाल्ला. मग मी खुर्ची जवळ ओढून त्यांचा हात हातात घेतला आणि जमेल तितक्या हळू सांगितलं.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी हात सोडवून घेतला. मग विचारलं, "कवा?"

"मंगळवारी. सकाळी. शांतपणे गेल्या, त्रास झाला नाही."

"मंगळवारी," त्या म्हणाल्या. "आज कोणता वार?"

"शुक्रवार."

"मिस्सा कवा?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "ते सगळं झालं असेल हो आता." त्यांनी मान वळवली आणि डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "फोन काढ. त्यानी काय लिवला ते सगळा वाच. खालपर्यंत."

मी वाचायला लागले. प्रेमळ आई, नातवंडं, जावई. बुधवारी आणि गुरुवारी घरी दर्शन. आणि मग, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मिस्सा, नंतर चर्चच्या आवारात माती. ज्यांना येता येणार नाही त्यांच्यासाठी चर्चच्या कॅमेऱ्याची लिंक खाली दिली आहे. 

"अकरा म्हंजे आपले साडेचार," सिस्टर म्हणाल्या.

भिंतीवर घड्याळ होतं. सव्वासहा झाले होते.

"मी होते इथेच," मी म्हटलं. काय बोलतेय याचं मला भान नव्हतं. "मी चारलाच आले होते. तुम्ही झोपला होतात."

"तू माला उठवला नाय," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडला. लिंक दोनदा चुकली. शेवटी चित्र आलं. वर कोपऱ्यातून दिसणारं चर्च, रिकामे बाक, समोर वेदीजवळ कुठले कुठले हार आणि गुच्छ. एक बाई फुलं गोळा करत होती आणि दुसरी सतरंजीवरून आवाज करणारं मशीन फिरवत होती. मी वाट बघत राहिले, जणू लोक परत येऊन बसणार होते. मग चर्चच्या वेबसाइटवर शोधलं, झालेलं चित्रण कुठे ठेवतात का. ठेवत नाहीत, असं खाली लिहिलेलंच होतं. मी भाच्याला लिहायला घेतलं, कोणी रेकॉर्ड केलं असेल तर पाठवा, पण सिस्टरांनी माझा हात बाजूला केला. आज त्याच्या आईचा दिवस आहे, त्याला छळू नको, असं काहीसं म्हणाल्या.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. झाडताहेत."

"राहू दे चालू."

आम्ही दोघी आणि दारात उभी घरमालकीण, ते मशीन ऐकत राहिलो. मग ते बंद झालं. बाईने एकेक दिवा घालवला आणि पडद्यावर नुसता काळोख उरला. मी सांगायला लागले, सिस्टर, आमच्याकडे असं असतं की, आजारी माणसाला... त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "माला माहीत आहे तुमच्याकडचा," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सा झाली माला इथं. मी पण बायांना असाच सांगत होती, पोर दवाखान्यात आहे, बरा आहे. म्हणून तं तुला बोललो, लगेच सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी केलं असतं. मला करण्यासारखं काहीच त्यांनी ठेवलं नाही. मी घरी आले आणि जेवले नाही, आणि कोणी का विचारलं तर अंगावर धावून गेले.

शनिवारी सकाळी भाच्याचा निरोप आला. मी ओट्याशी उभी राहून तो वाचला, गॅस बंद केला आणि वाटेत कुठेही न थांबता मसोलीला गेले. या वेळी आधी चहा नाही, आधी बरं वाटतंय का नाही. सिस्टर बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी उभ्यानेच म्हटलं, "भाच्याने लिहिलंय. वाचते. सगळं."

त्याने लिहिलं होतं की चर्च भरून गेलं होतं, लोक मागे उभे होते. मिस्सा संपताना फादरांनी सांगितलं, हिची मोठी बहीण भारतात आहे, ती या क्षणी आपल्याला बघते आहे. आणि मग सबंध चर्च मागे वळलं, वर कॅमेऱ्याकडे बघून सगळ्यांनी हात हलवले, अगदी लहान मुलांनीसुद्धा. फादरांनी हात खाली केला तरी लोक हलवत राहिले होते. मावशीने पाहिलं ना? आईला हेच हवं होतं. एवढंच विचारायचं होतं, पाहिलं ना तिने?

मी शेवटपर्यंत वाचलं आणि थांबले.

"सगळे वळले?" सिस्टरांनी विचारलं.

"सगळे, म्हणतो."

"वर बघून?"

"हो."

शेजारच्या वाडीत कोणीतरी चिकू उतरवत होतं, त्या टोपल्यांचा आवाज येत होता. घरमालकीण आतून चहा टाकायचं विचारत होती, चाय मूकुं के?  सिस्टरांनी मांडीवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले.

"लिव त्याला," त्या म्हणाल्या. "हां, बगला. लिव, मी पण हात हलवला."

"सिस्टर, नको," मी म्हटलं. "मी खरं सांगते त्याला. माझी चूक आहे, माझ्यावरच येऊ दे ना. मी माफी मागते त्याची."

"तो आईला पुरून आला," त्या म्हणाल्या. "त्याला कशाला ते? आता नाय सांगायचा. मग कवातरी." आणि थोड्या वेळाने, "लिव, बाई."

मी लिहिलं. हो, त्यांनी पाहिलं. त्यांनीही हात हलवला. पाठवून टाकलं, आणि अशी उघड्यावर उभी राहून रडण्याइतकं माझं वय आणि पत राहिलेली नाही, नाहीतर रडले असते. उत्तर लगेच आलं, तिकडे अजून पहाटच असणार, तो झोपला नसावा. देवाची कृपा, असं त्याने लिहिलं होतं. आता आईला शांती मिळेल. सिस्टरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या थोड्या पुढे झुकल्या आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा मोकळा झाला.

"त्याला विचार," त्या म्हणाल्या, "खांदा कोणी कोणी दिला. शेजारचे पोरगे होते कं, का फक्त..."

मी टाइप करायला लागले होते. त्यांनी हात पुढे करून माझा फोन झाकला.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "मी तं सगळा बगला ना."